सहाव्या चालीतला स्वर

शाळेत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. मुलं पेटीबाई म्हणत, मुलांचे आईबाप पेटीबाई म्हणत, आणि हजेरीचं मस्टर पुढे सरकवताना शिपाईसुद्धा "पेटीबाई, सही" एवढंच म्हणे. तीस वर्षांपूर्वी रुजू झाल्या त्या पहिल्या आठवड्यात बाईंना या नावाचा राग आला होता. दुसऱ्या आठवड्यात तो गेला. रागावायला वेळच नव्हता. आठवड्याला अठ्ठावीस तास, आणि संगीत शिकवणारं माणूस एकच.

पेटी म्हणजे पायपेटी. छातीइतक्या उंचीचं गडद लाकडी खोकं, खाली पायानं हलवायच्या दोन फळ्या, वर पट्ट्यांची रांग. एक जुनं सभागृह पाडताना ती शाळेला मिळाली. पहिल्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत ती चढवायला चार माणसं लागली होती, आणि त्यानंतर ती तिथून कधी हलली नाही. खोलीला तीन उंच खिडक्या, खाली मैदान, भिंतीला लागून बुटकी बाकं. फळ्या हलायला लागल्या की आधी कुरकुर ऐकू यायची, मग सूर. या शाळेतून शिकून गेलेल्यांना विचारलं तर बहुतेकांना सूर आठवत नाहीत, कुरकुर आठवते.

पेटीच्या मधल्या सप्तकातली चौथी पांढरी पट्टी मुकी होती. बोट ठेवलं की खाली जायची, उचललं की वर यायची, बाकी काही नाही. आतली पितळी जीभ तुटलेली. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, "ही जीभ मिळत नाही, बघतो." दुसऱ्यांदा म्हणाला, "मिळत नाही." बाई वर्गात पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरत, कारण मुलांच्या गळ्याला तो सोयीचा आणि लहान बोटांना काळ्या पट्ट्यांची गरज पडत नाही. तसा सा धरला की मुकी पट्टी म्हणजे म. म आला की बाई तो गळ्यानं म्हणत आणि पुढे जात. जिन्याची एखादी पायरी तुटकी असते, माणूस रोज ती चुकवतो. पाच वर्षांनी त्याला विचारा पायऱ्या किती, तो एक कमी सांगेल. तसं बाईंचं झालं होतं, पण ते त्यांना फार उशिरा कळलं.

त्या शाळेत चौथी ही शेवटची इयत्ता. शाळा सोडण्याआधी चौथीच्या वर्गानं स्वतःची एक चाल बांधायची, ही रीत बाईंनीच दुसऱ्या वर्षी सुरू केली. आधी वर्ग मिळून चार ओळी लिही. विषयाला बंधन नव्हतं, त्यामुळे 'गणिताच्या सरांची सायकल', 'डबा सांडला', 'आजोबांचा नवा दात' अशी गाणी तयार झाली. मग चाल. एकेका मुलानं पेटीपाशी यायचं, बाई पायानं भाता हलवणार, मुलानं एका बोटानं एक पट्टी दाबायची. सूर आवडला तर वर्गानं हात वर करायचे. निम्म्याहून जास्त हात आले की तो स्वर पक्का, बाई तो वहीत लिहिणार, पुढचा मुलगा पुढे. एका तासात फार तर अकरा मुलांचा नंबर लागे. बाकीचे बाकावर बसून आपला नंबर कधी येतो याची वाट बघत, आणि ज्याचा यायचा त्याची बोटं घामानं ओली होत. कापडी बांधणीच्या एका लांब वहीत अशा एकोणतीस चाली जमल्या.

या वहीचा बाईंना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत. शिक्षकांच्या एका मेळाव्यात त्यांनी वही उघडून दाखवली होती आणि सांगितलं होतं की नऊ-दहा वर्षांच्या मुलांना म हा स्वर आपणहून सुचत नाही. इतक्या वर्षांच्या चाली आहेत, एकीतही नाही. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी लिहूनही घेतलं.

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी शाळेत टॅब आले. मुख्याध्यापक बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. ते स्वतः खोकं घेऊन संगीताच्या खोलीत आले.

"बाई, तुमच्यासाठी आणलंय. चाल बांधायचं सॉफ्टवेअर. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? तुम्हीच ते हातभर लांब धरलंय."

सगळ्यांचा अंदाज होता की पेटीबाई नाक मुरडणार. शिक्षकांच्या खोलीत तर 'आता बघा' अशी तयारीही झाली होती. पण बाईंनी पहिल्याच दिवशी टॅब मांडीवर घेतला आणि मधली सुट्टी संपल्याचं त्यांना कळलं नाही. पडद्यावर चौकटींची जाळी होती. आडव्या आठ ओळी म्हणजे आठ स्वर, खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत, प्रत्येक ओळीला वेगळा रंग. चौकटीला बोट लावलं की ती रंगानं भरते आणि सूर वाजतो. 'वाजवा' दाबलं की एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकते आणि वाटेत येईल ती रंगीत चौकट वाजवत जाते. एवढंच. बाईंना त्यात एकच गोष्ट दिसली: आता नंबर लावायचा नाही. तीस वर्षं ज्या रांगेकडे बघून त्यांचा जीव तुटत होता, ती रांग संपली. दोघांत एक टॅब, आणि सगळी मुलं एकाच वेळी चाल बांधतायत.

एक तक्रार मात्र त्यांनी केली. "हे सगळं फार सरळ करतं. मूल जरा मागे रेंगाळून म्हणतं ना, तेवढं याला समजत नाही. ढकलून चौकटीत बसवतं."

"मग बंद करू का?" सरांनी विचारलं.

"बंद कशाला? मुलांना सांगीन, हा मास्तर कडक आहे."

त्या वर्षीच्या चौथीत एक मुलगी होती, तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं. वर्गानं तिचं नाव पणकुमारी ठेवलं होतं. पहिल्याच तासाला तिनं विचारलं, "पण बाई, पेटी रुसणार नाही का?"

"पेटीला तीस वर्षांनी जरा बसू दे," बाई म्हणाल्या.

"पण ती बसलेलीच असते."

तिसावी चाल त्या वर्गानं टॅबवर बांधली. गाण्याचं नाव होतं 'खडूचा तुकडा'. मुलांनी आठही ओळींत मनसोक्त बोटं घातली. म च्या हिरव्या ओळीत पाच चौकटी भरल्या. बाईंच्या मनात काहीतरी टोचलं. पण तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली, आणि टोचलेलं तसंच राहिलं.

मग सरांच्या डोक्यात कल्पना आली. शिक्षण खात्याला नमुन्याच्या चाली हव्या होत्या. ज्या ज्या प्राथमिक शाळेत हे सॉफ्टवेअर गेलं तिथे पाठवायला. "बाई, तुमची वही आहे की! एकोणतीस आणि ही एक. तीस चालींचा संग्रह. प्रस्तावना मी लिहितो. पुढच्या शुक्रवारी पाठवायचंय. एकदा गेलं की गेलं, मग बदल करता येणार नाही."

हातात नऊ दिवस होते. बाई वहीतून स्वर वाचत, मुलं चौकटी भरत. त्यातले पहिले काही दिवस बाईंचे मजेत गेले. पान उलटलं की एक वर्ग समोर यायचा. चौदाव्या चालीच्या वर्षी वर्गात जुळ्या बहिणी होत्या; एकीनं पट्टी दाबली की दुसरीचा हात कधी म्हणजे कधी वर यायचा नाही. एकविसावी बांधताना एका मुलानं सगळा वेळ वरचा सा च दाबला, कारण तो कोपऱ्यातून जवळ पडायचा. तो आता बस चालवतो. 'डबा सांडला'मधला डबा खरोखर सांडला होता, या खोलीत, दुसऱ्या खिडकीखाली. फरशीवरचा तेलाचा डाग पुढची दोन वर्षं दिसत होता. बाई हे सगळं मुलांना सांगत आणि मुलं विचारत, "ते आता केवढे आहेत?" सर्वांत मोठा अडतीसचा आहे म्हटल्यावर वर्गाला हसू आवरेना. डबा सांडणारा माणूस अडतीस वर्षांचा असू शकतो हे त्यांना पटतच नव्हतं.

मंगळवारी एकोणतीसही चाली टॅबमध्ये गेल्या. सॉफ्टवेअरमध्ये 'एकत्र' नावाचं एक बटण होतं. दोन चाली एकावर एक ठेवून बघायला. पणकुमारीनं एकोणतीसच्या एकोणतीस एकावर एक ठेवल्या आणि 'वाजवा' दाबलं. गुरांचा बाजार भरल्यासारखा आवाज झाला. वर्ग हसून लोळला. पणकुमारी मात्र पडद्याकडे बघत होती.

"पण बाई, इथून रस्ता गेलाय."

बाई वाकल्या. जाळी रंगांनी गच्च भरली होती. लाल, पिवळी, निळी, जांभळी. आणि खालून चौथी ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी. एक ठिपका नाही.

"ही म ची ओळ," बाई म्हणाल्या. "लहान मुलांना म सुचत नाही."

"पण आम्हाला सुचला. पाच वेळा."

बाई उठल्या, पेटीपाशी गेल्या, उभ्या उभ्याच एका पायानं फळी हलवली आणि चौथ्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी खाली गेली. वर आली. पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ही बंद आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "बंद आहे."

एकोणतीस वर्षं मुलं त्या पट्टीवर बोट ठेवत होती, आवाज येत नव्हता, हात वर होत नव्हते, आणि बोट शेजारच्या पट्टीवर जात होतं. यात मुलांच्या स्वभावाचा काही संबंध नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि दिवा घेऊन बाई मेळाव्यात गेल्या होत्या.

घरी बाई आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच. ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. बाईंनी झालेला प्रकार सांगितला. ताईंनी अर्ध्यातच हात वर केला.

"थांब. म्हणजे पेटी मोडकी, आणि तू लोकांना सांगत फिरलीस की पोरं तशी?"

"हो."

"मी आजवर ऐकत आले, नाचता येईना अंगण वाकडं. तुझं अंगण खरंच वाकडं, आणि पोरं बिचारी नाचत होती."

"हस तू."

"मी हसणारच. तुला रडायचं असेल तर आत जाऊन रड, पण आधी सांग, आता करणार काय?"

बाईंनी तोच विचार दिवसभर केला होता. मेळाव्यात सांगितलेलं परत घ्यायचं, हे ठरलंच होतं. ते सोपं नव्हतं, पण सरळ होतं. चालींचं काय? अठ्ठावीस चाली खऱ्याच होत्या. मुलांना ज्या पट्ट्या बोलत होत्या त्यांतून त्यांनी त्या निवडल्या, हात वर करून. त्यांना हात लावायचा कुणाला अधिकार नव्हता. प्रश्न सहाव्या चालीचा होता.

त्या वर्षी चौथीत एक मुलगी होती, आवाज असा की प्रार्थनेला माइक लागत नसे. सगळी शाळा तिला भोंगा म्हणे. चाल बांधायच्या महिन्यात तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. शिपाई तिला उचलून वर आणायचा, शेवटच्या बाकावर बसवायचा, पाय स्टुलावर. पेटीपर्यंत तिला येता येत नव्हतं. म्हणून तिनं चाल बसल्या जागी गाऊन सांगितली, सगळी, चारही ओळी. 'जिन्या, तूच ये खाली' हे गाणं. वर्गाला इतकी आवडली की एका दमात सगळे हात वर. बाईंनी ती पेटीवर बसवली, वहीत लिहिली. आणि वहीत त्या चालीच्या तिसऱ्या ओळीत दोन ठिकाणी कागद ब्लेडनं खरवडलेला होता. त्यावर ग लिहिलेला. खाली काय होतं, ते भिंगातूनही दिसेना.

"म च असणार," ताई म्हणाल्या. "दुसरं काय?"

"असणार. पण माझ्या 'असणार'वर तीस वर्षं विश्वास ठेवून काय झालं, बघितलंस ना."

"मग भोंग्याला विचार."

"ती आता कुठे असेल?"

ताईंनी नाकावरचा चष्मा काढून बाईंच्या पुढे धरला. "हा कुणी दिला मला? पोस्टासमोरच्या चष्म्याच्या दुकानात ती बसते. तुझी विद्यार्थिनी आहे म्हणून मला बारीक फ्रेम दाखवते, जाड दाखवतच नाही. तुला सांगितलं होतं मी. तू ऐकतेस कधी?"

बुधवारी सकाळी बाई आधी सरांकडे गेल्या. सगळं सांगितलं. सरांनी प्रस्तावनेचा कागद टेबलावर उलटा ठेवला. त्यात 'लहान मुलांच्या मनाला म परका असतो, हे आमच्या शाळेनं दाखवून दिलं' असं वाक्य होतं.

"बाई, कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगू, चाली ऐकायला छान आहेत. एक स्वर नव्हता म्हणूनच त्यांना एक वळण आलं. ते वळण काय खोटं आहे?"

"ते खोटं नाही. अठ्ठावीस चाली मी बदलायला सांगतच नाही."

"मग एका चालीसाठी कशाला? चोवीस वर्षं झाली. ती मुलगीसुद्धा विसरली असेल."

"विसरली असेल तर तशी पाठवू. पण विचारल्याशिवाय नाही."

"शुक्रवारी दुपारी दोन," सर म्हणाले. "तोपर्यंत फाइल तुमच्याकडे."

गुरुवारी शाळा सुटल्यावर दोघी बहिणी दुकानात गेल्या. दुकान अरुंद. दोन्ही भिंतींना काचेची फळकुटं, त्यांवर फ्रेमच्या रांगा, मधोमध काउंटर, मागे पडदा लावलेली अंधारी केबिन. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक वाकडी झालेली फ्रेम घेऊन उभं होतं. काउंटरमागे भोंगा बारीक पेचकसानं स्क्रू आवळत होती. तिनं वर बघितलं.

"अगबाई, बाई तुम्ही? बसा, बसा. नंबर वाढला का?"

"नंबर नाही. तुझी चाल घेऊन आलेय."

"माझी काय?"

"चौथीतली," ताई मध्येच म्हणाल्या. "तुला भोंगा म्हणायचे तेव्हाची."

गिऱ्हाईक हसलं. तिनं त्यांच्याकडे बघून पेचकस रोखला. "काका, हे बाहेर गेलं तर फ्रेम अशीच वाकडी परत देईन."

तिचा आवाज आता अगदी हलका होता, इतका की ताईंना पुढे वाकावं लागलं. "काय करणार," ती म्हणाली, "दिवसभर अंधारात माणसाच्या नाकापासून वीतभर अंतरावर बोलायचं. शाळेतला आवाज काढला तर माणूस खुर्चीतून उडेल."

बाईंनी टॅब काउंटरवर ठेवला आणि काय झालंय ते सांगितलं. तिला प्लास्टर आठवत होतं. शिपायाच्या खांद्याला येणारा विडीचा वास आठवत होता. गाण्याच्या ओळीही आठवल्या. तिनं गुणगुणून बघितलं. पहिली ओळ, दुसरी. तिसऱ्या ओळीत ती अडखळली नाही. जसं वहीत होतं तसंच म्हणाली, दोन्ही ठिकाणी ग.

बाईंनी मान हलवली. "असंच. हे मी शिकवलेलं."

"मग हेच असेल ना? तीन महिने आम्ही रोज असंच म्हणत होतो."

"तू आधी वेगळं म्हटलं होतंस."

ती काउंटरवर कोपर टेकून विचार करत राहिली. "चाल नाही आठवत, बाई. पण तुम्ही ती पट्टी दाबून बघत होतात, ते आठवतं."

"कुठली पट्टी?"

"मी म्हटलं की तुम्ही एका पट्टीवर बोट ठेवायचात. आवाज नाही. परत ठेवायचात. असं तीनदा केलंत. मला वाटलं, बाईंचं बोट दुखतंय. मग तुम्ही म्हणालात, 'इथे ग घे, जास्त गोड लागतो.'"

 मंगळवारपासून बाई स्वतःला सांगत आल्या होत्या की आपल्या लक्षात आलं नाही, सवयीनं कान बधिर झाला. त्या एका दिवशी मात्र तसं नव्हतं. त्या दिवशी बोट तीनदा त्या पट्टीवर गेलं होतं. काय अडलंय ते त्यांना माहीत होतं, आणि पेटी हलत नाही म्हणून त्यांनी मुलीला हलवलं होतं.

"म्हणजे मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

 

"तिथे म लिहून टाकू का मग?" भोंगा म्हणाली.

"पट्टीचं तुला आठवतं, स्वराचं नाही. दोन जागा आहेत. एका ठिकाणी म असेल, दुसरीकडे खरंच ग असेल. प ही असू शकतो. मला अंदाज नकोय."

"थांबा. मी नंबर काढते तसं काढू." तिनं गिऱ्हाइकाची फ्रेम सरळ करून त्यांच्या हातात दिली, टॅब बाईंकडे वळवला आणि स्वतः पाठ करून उभी राहिली. "मला पडदा दिसता कामा नये. एकदा एक लावा, एकदा दुसरा. मी पहिला की दुसरा एवढंच सांगणार. आणि क्रम बदलत राहा, नाहीतर माणूस सवयीनं दुसराच म्हणतं."

बाईंनी तिसरी ओळ ग घालून वाजवली, मग म घालून.

"दुसरा."

उलट क्रमानं.

"पहिला."

मग म आणि प.

"परत एकदा... पहिला. नाही, थांबा. पहिलाच."

असं दोन्ही जागांचं दहा-बारा वेळा झालं. एकदा तिनं प निवडला, एकदा ग. बाकी प्रत्येक वेळी म. फ्रेम मिळालेलं गिऱ्हाईक पैसे देऊनही गेलं नव्हतं; तेही मनातल्या मनात पहिला-दुसरा करत होतं, आणि एकदा मोठ्यानं "दुसरा!" म्हणून गेलं तेव्हा ताईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की काका चष्मा घालून बाहेर पडले.

"लिहा," भोंगा वळून म्हणाली. "दोन्हीकडे म. पण शंभर टक्के नाही हं, बाई. लोक खुर्चीत बसून दिसतं ते सांगत नाहीत, दिसलं असं वाटतं ते सांगतात. मीही तेच केलं असेल."

"मग तू काय करतेस?"

"जवळात जवळचा नंबर देते. आणि सांगते, त्रास झाला तर परत या."

बाईंनी दोन चौकटी एका ओळीनं वर सरकवल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं होतं."

 काउंटरवरचा बारीक स्क्रू तिनं बोटाच्या टोकानं उचलून डबीत टाकला. "तेव्हा मी भांडले होते का हो?"

"भांडली होतीस. म्हणालीस, 'मी असं नाही म्हटलं.' सगळ्या मजल्याला ऐकू गेलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी केबिनचा पडदा बाजूला केला.

शुक्रवारी बाईंनी सरांसमोर एक मजकूर ठेवला. प्रस्तावनेतलं ते वाक्य काढून तिथे हा घालायचा होता: 'नऊ-दहा वर्षांच्या मुलांना म सुचत नाही, असं मी सांगत आले. ते खरं नाही. आमच्या पेटीची ती पट्टी मुकी होती. अठ्ठावीस चाली मुलांनी बोलत्या पट्ट्यांवर बांधल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत. सहावी चाल एका मुलीनं गळ्यानं बांधली होती आणि पट्टी वाजत नाही म्हणून मी ती बदलली. आता तिला विचारून, जवळात जवळ, मूळची लिहिली आहे.'

सरांनी तो दोनदा वाचला. "पट्टी वाजत नाही म्हणून, हे ठेवायलाच हवं?"

"तेच तर ठेवायचंय."

"हात दाखवून अवलक्षण, बाई."

"अवलक्षण आहे, सर. पण हात माझा आहे."

दोन वाजून पाच मिनिटांनी संग्रह गेला. त्या दिवशीच्या शेवटच्या तासाला बाईंनी सहावी चाल वर्गाला ऐकवली. तिसरी ओळ झाल्यावर मुलांनी एकमेकांकडे बघितलं. पणकुमारी म्हणाली, "पण ही दुसऱ्याच शाळेची वाटते." बाईंनी ती पुन्हा लावली. तिसऱ्यांदा मुलं बरोबर म्हणायला लागली. आणि तो स्वर आला की आवाज उगाचच मोठा करू लागली.

प्रस्तावना कुणी वाचत नाही, हे सरांना माहीत नव्हतं, बाईंना होतं. पंधरा दिवसांत पहिलं पत्र आलं, एका अनोळखी शाळेच्या शिक्षिकेचं. संग्रह उत्तम आहे, मुलांना आवडला. मात्र सहाव्या चालीच्या तिसऱ्या ओळीत दोन चौकटी चुकून एका ओळीनं वर सरकलेल्या दिसतात, बाकी चालींशी जुळत नाहीत, तरी कृपया दुरुस्त कराव्यात. बाईंनी सविस्तर उत्तर लिहिलं, दीड पान. दुसरं पत्र तसंच. त्याला एक पान. तिसऱ्याला अर्धं. एकानं तर स्वतःच दुरुस्त करून, ग घालून, फाइल परत पाठवली आणि आभार मानू नका म्हणून लिहिलं. बाईंनी आभार मानले नाहीत.

वर्ष संपलं आणि बाई निवृत्त झाल्या. संगीताचा तास वर्गशिक्षिकांकडे गेला. टोकाच्या खोलीत टॅबचं कपाट आलं, आणि पेटी तिथेच राहिली. चार माणसं एकत्र मिळेनात.

सहावं पत्र आलं तेव्हा बाई शाळेत नव्हत्या. शिपाई घरी आला तो पत्र आणि त्याच्या उत्तराची प्रत घेऊन. सरांनी ते उत्तर कुणालाही न विचारता लिहून पाठवूनही दिलं होतं. बाईंना फक्त वाचायला दिलं होतं. पत्र नेहमीचंच होतं: दोन चौकटी, तिसरी ओळ, कृपया दुरुस्त करावी. उत्तरात सरांचं एकच वाक्य होतं, 'चौकटी जागेवर आहेत', आणि खाली सही आणि शाळेचा शिक्का.